अकरा हजार कड्यांची साखळी

मुंबईकडून येणारी गाडी विदर्भात शिरली की पहिलं मोठं स्टेशन लागतं ते मलकापूर. कापसाचं, जिनिंगचं गाव. इथं पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लीळाचरित्राची संपादित प्रत मराठीला देणारे कोलते मलकापूरजवळच्याच नरवेलचे. या महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीकडे आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप आहे असं धरू. या प्रकरणातला प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांना गेली साठ वर्षं पुरून उरला आहे, आणि तरीही तो तिच्या लॅपटॉपवर मांडता येतो. तिथं तो कुठवर सुटतो, कुठं अडतो आणि अडल्यावर माणसांनी कोणत्या वाटा काढल्या, ते पाहायचं आहे.

सोन्याच्या तुकड्यात लोखंडाचा एक अणू शिरला आहे. सोन्यातले इलेक्ट्रॉन मोकळे हिंडणारे. लोखंडाच्या अणूजवळ मात्र स्वतःचं चुंबकत्व असतं, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन वर किंवा खाली अशी दिशा धरून राहतो. या परक्या अणूला भौतिकशास्त्रात ‘इम्प्युरिटी’ म्हणतात, आपण अशुद्धी म्हणू. असा एखादा अणू धातूच्या वर्तनात काय फरक पाडणार, असं वाटेल. पण १९३४ साली हॉलंडमधल्या लायडन इथं द हास, द बूर आणि व्हान डेन बर्ग या तिघांना सोन्याच्या तारेत भलतंच काही दिसलं. तापमान उतरत गेलं की धातूचा विद्युतरोध कमी होत जातो आणि पुढं स्थिरावतो, ही तेव्हाची समजूत. त्यांच्या तारेचा रोध काही केल्विनपर्यंत घसरला आणि मग पुन्हा वाढू लागला.

याचं कारण सापडायला तीस वर्षं लागली. १९६४ साली टोकियोत काम करणाऱ्या जुन कोंडो यांनी दाखवलं की हिंडणारा इलेक्ट्रॉन अशुद्धीवर आदळतो तेव्हा दोघांच्याही स्पिनची दिशा उलटू शकते, आणि ही उलटापालट तापमान उतरेल तशी वाढत जाते. रोध वाढण्याचं कारण हेच. मात्र कोंडोंचं सूत्र अतिथंड तापमानाला रोध अनंत व्हावा असं सांगत होतं, आणि निसर्गात तसं होत नाही. एका ठरावीक तापमानाखाली भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून त्या अणूच्या स्पिनला असे वेढून घेतात की तो बाहेरून जाणवेनासाच होतो. या तापमानाला कोंडो तापमान म्हणतात. तांब्यातल्या लोखंडासाठी ते वीस-तीस केल्विन, सोन्यातल्या लोखंडासाठी एका केल्विनच्या आत-बाहेर, तर तांब्यातल्या मँगनीजसाठी केल्विनच्या हजारांश भागांत. अणू आणि धातू यांच्यातला दुवा जरासा बदलला तरी हे तापमान दसपटींनी हलतं. सगळी अडचण या संवेदनशीलतेत आहे.

हे सगळं तापमानाबद्दल झालं. मला जास्त ओढ आहे ती काळाची. शून्य क्षणाला त्या अणूचा स्पिन ‘वर’ आहे आणि त्याच क्षणी आपण तो धातूशी जोडला, असं समजा. तो स्पिन कधी, कसा मिटतो? एकदम, टप्प्याटप्प्यानं, की हेलकावे खात? कोंडो तापमानावरून यातला सर्वांत संथ टप्पा किती काळाचा हे कळतं: प्लांकचा स्थिरांक २π नं भागायचा आणि कोंडो तापमानाच्या ऊर्जेनं पुन्हा भागायचा. एक केल्विनला उत्तर येतं ७.६ पिकोसेकंद. सेकंदाचे दहा हजार कोटी भाग केले तर त्यातला एक भाग दहा पिकोसेकंदांचा. त्याहूनही हा काळ थोडा. तरी धातूतल्या एका इलेक्ट्रॉनला तो फार मोठा आहे. धातूत इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्या अणूवर उडी मारतो तिची ऊर्जा साधारण एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर त्या उडीचा काळ ०.६६ फेम्टोसेकंद. दोन्हींचं गुणोत्तर ११,६०४. हा आकडा लक्षात ठेवायचा, पुढं लागणार आहे.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं अशा एकट्या अणूकडे प्रयोगानं पाहिलं आहे. संस्थेच्या आवारात १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन हा त्वरक १९८८-८९ पासून चालतो. त्यातल्या जड आयनांच्या झोतानं लोखंडाचे उत्तेजित अणुगर्भ तयार करायचे आणि त्याच धक्क्यानं ते दुसऱ्या धातूत रुतवायचे. ते इतके थोडे असतात की एका लोखंडी अणूला दुसरा भेटत नाही. खरीखुरी एकटी अशुद्धी मिळते. लोखंड-५४ चा असा उत्तेजित गर्भ साडेतीनशे नॅनोसेकंदांच्या आसपास तग धरतो. तेवढ्या वेळात तो चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतो आणि गॅमा किरण सोडतो. गिरक्यांच्या वेगावरून अणूजवळचं चुंबकत्व किती शिल्लक आहे ते समजतं, आणि तापमान बदलत नेलं की कोंडो तापमानाचा अंदाज येतो. एच. जी. देवरे, एस. एन. मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीनं पुष्कळ काम केलं. पण इथं एक मर्यादा आहे. गर्भ नॅनोसेकंदांत पाहतो, स्पिन पिकोसेकंदांत मिटतो. गर्भाला दिसते ती मिटून गेल्यानंतरची सरासरी. मिटण्याच्या क्रमाकडे पाहायचं तर गणितच करावं लागतं.

आता लॅपटॉप उघडू. धातू म्हणजे अणूंची एक लांब साखळी, आणि तिच्या एका टोकाला अशुद्धी. हे सोपं रूप फसवं नाही: अशुद्धीला भोवतालचा धातू जसा जाणवतो तो असाच साखळीत बसवता येतो, त्यात काही गमावत नाही. साखळीतून जाणारी इलेक्ट्रॉनची लहर दूरच्या टोकावर आपटून परत येते. ती परत आली की पुढचं उत्तर बिघडलं, कारण खऱ्या धातूला असं जवळचं टोक नसतं. म्हणून साखळी इतकी लांब हवी की ७.६ पिकोसेकंदांत लहर जाऊन परत येऊ नये. हिशेब केला तर सुमारे ११,६०० कड्या लागतात.

इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत नसते तर काम लगेच झालं असतं. तेव्हा प्रत्येक इलेक्ट्रॉनचा हिशेब स्वतंत्र, आणि ११,६०० गुणिले ११,६०० आकड्यांची एक सारणी मांडली की झालं. ती जेमतेम एक जीबीत मावते. मलकापुरातल्या आपल्या मुलीला यासाठी कुणाच्या महासंगणकाची गरज नाही.

फिलिप अँडरसन यांनी १९६१ साली मांडलेल्या प्रतिकृतीत साखळीतली बाकी सगळी स्थानं अशीच सोपी आहेत. फक्त अशुद्धीवर दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी बसले तर त्यांना जास्तीची ऊर्जा मोजावी लागते. एका ठिकाणी, एक संख्या. एवढ्यानं सगळी सोय संपते. आता कुणाचाही हिशेब स्वतंत्र राहत नाही. प्रत्येक कडीवर चार शक्यता: रिकामी, वर, खाली, दोन्ही. चौदा कड्यांना चाराचा चौदावा घात, म्हणजे २६ कोटी ८४ लाखांवर संख्या, आणि त्यांना चार जीबी. पंधराव्या कडीला सोळा जीबी. आठ जीबीचा लॅपटॉप तिथं थांबला. इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या बदलत नाही यासारख्या नियमांचा फायदा घेतला तर आणखी थोड्या कड्या पदरात पडतात. चौदा कड्यांच्या साखळीतून लहर ८.६ फेम्टोसेकंदांत परत येते. आपल्याला त्याच्या सुमारे नऊशे पट काळ हवा आहे.

मग मोठं यंत्र आणावं? याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच यंत्रांवरून देता येतं. मलकापूरच्या लोहमार्गावर पुढं अकोला जिल्हा लागतो. तिथल्या मुरांबा गावचे विजय भटकर. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकनं त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा केला. चौसष्ट घटकांच्या त्या यंत्राची कमाल गती सुमारे एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी. २०१९ साली पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म बसवला, त्याची सुरुवातीची क्षमता ७९७ टेराफ्लॉप. अठ्ठावीस वर्षांत जवळजवळ आठ लाख पट. परदेशांनी महासंगणक द्यायला नकार दिल्यानंतर या देशानं मिळवलेलं हे यश मी फार मोठं मानतो. आणि तरी आपल्या साखळीच्या हिशेबात आठ लाख पट म्हणजे चाराचा दहावा घातसुद्धा भरत नाही. अठ्ठावीस वर्षांची सगळी वाढ ओतली तर साखळी दहा कड्यांनीही लांबत नाही, आणि हव्या आहेत ११,६००. यंत्र वाढवून हा प्रश्न सुटायचा नाही. सुटला तर तो एकाच मार्गानं: त्या अफाट संख्यांतल्या बहुतेक संख्या निरुपयोगी आहेत हे ओळखायचं आणि नेमक्या त्याच टाकायच्या. काय टाकायचं, यावर या क्षेत्रातल्या सगळ्या पद्धती वेगळ्या होतात.

टाकण्याचा पहिला मोठा निर्णय कॉर्नेल विद्यापीठातल्या केनेथ विल्सन यांचा, १९७५ सालचा. कोंडोच्या प्रश्नात एक इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून त्याच्या दहा-हजारांशापर्यंत ऊर्जेची प्रत्येक पातळी सारखीच महत्त्वाची आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी ऊर्जेचे समान तुकडे केले नाहीत. पूर्ण ते अर्धा, अर्धा ते पाव, पाव ते अष्टमांश असे ते निम्म्या-निम्म्यानं उतरत गेले आणि प्रत्येक तुकड्यातून एकच प्रतिनिधी घेतला. यातून जी साखळी बनते तिची प्रत्येक पुढची कडी आधीच्या कडीपेक्षा सुमारे दीडपट, नेमकं म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतकी, सैल असते. अशा सत्तावीस कड्या गेल्या की ऊर्जा दोनाच्या साडेतेराव्या घातानं, म्हणजे सुमारे ११,६०० पटींनी, खाली येते. समान कड्यांच्या साखळीला जिथं पोचायला अकरा हजार सहाशे पावलं लागतात, तिथं विल्सनची साखळी सत्ताविसाव्या पावलावर पोचते.

सत्तावीस कड्यांनाही चाराचा सत्ताविसावा घात परवडत नाही. म्हणून विल्सन एकेक कडी जोडतात आणि प्रत्येक वेळी सर्वांत कमी ऊर्जेच्या हजारभर अवस्था ठेवून बाकीच्या टाकतात. पुढची कडी आधीपेक्षा सैल असल्यामुळे वरच्या ऊर्जेच्या अवस्थांना ती फारशी हलवू शकत नाही. टाकलं तरी निभतं. कोंडो अशुद्धीचा रोध, उष्माधारकता, चुंबकीय प्रतिसाद, सगळं या पद्धतीनं पहिल्यांदा एका सलग गणितातून निघालं. विल्सनना १९८२ सालचं नोबेल मिळालं ते ज्या विचाराबद्दल, त्याचाच हा भाग. भारतीय वाचकाला इथं एक नाव माहीत असायला हवं: एच. आर. कृष्णमूर्ती. पुढं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य घालवलेल्या कृष्णमूर्तींनी जॉन विल्किन्स आणि विल्सन यांच्यासोबत १९८० साली दोन लांबलचक निबंध लिहिले आणि अँडरसनच्या प्रतिकृतीला ही पद्धत लावून दाखवली. ही पद्धत शिकणारा आजचा विद्यार्थीही त्या निबंधांपाशीच येऊन पोचतो.

या सगळ्यात काळ मात्र कुठंच नव्हता. विल्सनची पद्धत शांत, स्थिरावलेल्या अवस्थेसाठी होती, आणि तिथं वरच्या ऊर्जेच्या अवस्था टाकणं योग्यच. पण शून्य क्षणाला आपण स्पिनला धक्का दिला की त्या धक्क्यात सगळ्या ऊर्जा मिसळलेल्या असतात. ज्या टाकल्या त्याच आता हव्या होतात. यावर २००५ साली फ्रिथ्योफ अँडर्स आणि अव्राहाम शिलर यांनी जे सुचवलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं पाऊल वाटतं. मलकापुरातल्या माणसाला ते लगेच पटेल. जिनिंगमध्ये कापसातून रुई वेगळी होते आणि सरकी मागं राहते, पण सरकी कुणी फेकत नाही. तिचं तेल निघतं, ढेप होते, आणि रुई-सरकी मिळून कापसाचं वजन बरोबर भरतं. अँडर्स-शिलर यांनी दाखवलं की प्रत्येक पायरीला टाकलेल्या अवस्था त्या-त्या पायरीच्या नोंदीसह जपल्या तर त्या सगळ्या मिळून साखळीच्या पूर्ण अवस्था-संचाइतक्या भरतात. एकही हरवत नाही, एकही दोनदा मोजली जात नाही. लवकर टाकलेल्या, वरच्या ऊर्जेच्या अवस्था सुरुवातीचा झपाट्याचा बदल सांगतात. शेवटी राहिलेल्या सर्वांत संथ टप्पा सांगतात. फेम्टोसेकंदापासून कोंडोच्या पिकोसेकंदापर्यंतचा सबंध प्रवास एकाच गणितात आला.

तरी ही साखळी खरा धातू नव्हे. तिच्या पुढच्या कड्या सैल होत जातात, त्यामुळं अशुद्धीपासून निघालेली लहर पुढं जाताना मंदावते आणि वाटेतूनच थोडी थोडी परत येते. स्पिन जिथं पूर्ण मिटायला हवा तिथं थोडासा शिल्लक दिसतो. ऊर्जेचे तुकडे जरा सरकवून तेच गणित अनेकदा करायचं आणि सरासरी घ्यायची, असा त्यावर उपाय आहे. दोष बराच कमी होतो, जात नाही.

टाकण्याचा दुसरा निर्णय विल्सनच्याच एका विद्यार्थ्याचा. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ साली विचारलं: कमी ऊर्जेच्याच अवस्था का ठेवायच्या? साखळी एका जागी कापा. डावा भाग आणि उजवा भाग एकमेकांत क्वांटम अर्थानं किती गुंतले आहेत ते मोजा, आणि त्या गुंत्यात ज्यांचा वाटा मोठा त्या अवस्था ठेवा. यामुळे समान कड्यांच्या, शेकडो कड्यांच्या साखळ्या आवाक्यात आल्या. २००४ च्या सुमारास गीफ्रे विदाल, व्हाइट आणि एड्रियन फायग्विन, तसंच डेली, कोलाथ आणि शोल्वॉक यांच्या कामातून हीच पद्धत काळाबरोबर चालू लागली: एक छोटं पाऊल पुढं, मग गुंता तपासून छाटणी, मग पुढचं पाऊल.

इथं काळाचं खरं स्वरूप उघड होतं. साखळीतला गुंता काळाबरोबर वाढतो, आणि ठेवाव्या लागणाऱ्या अवस्थांची संख्या त्या गुंत्याच्या घातानं वाढते. अशुद्धीला एकदाच धक्का दिला आणि सोडून दिलं, तर गुंता लॉगॅरिदमच्या संथ चालीनं वाढतो; हे निभतं. पण अशुद्धीच्या दोन्ही बाजूंना तारा जोडून व्होल्टेज लावलं, तर वाहणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन थोडा पलीकडे जातो, थोडा परततो आणि दोन्ही बाजूंना गुंतवत राहतो. मग गुंता काळाच्या सरळ प्रमाणात वाढतो. एका काळापर्यंत पोचायला हजार अवस्था पुरल्या असतील तर दुप्पट काळाला दहा लाख लागतील. संगणक मध्येच अडत नाही, तो चालत राहतो; उत्तर मात्र कधी चुकू लागलं ते छाटणीत किती वजन गेलं याची नोंद ठेवली तरच कळतं. कड्यांची मांडणी बदलूनही बराच फरक पडतो. धातूच्या सगळ्या ऊर्जा-पातळ्या साखळीत न ओवता प्रत्येकीला अशुद्धीशी थेट जोडलं, ताऱ्याच्या किरणांसारखं, तर गुंता कमी राहतो, हे वोल्फ, मॅककुलोख आणि शोल्वॉक यांनी २०१४ साली दाखवलं. सगळ्या पातळ्या अशुद्धीशी थेट जोडल्या म्हणजे गुंता वाढेल असं कुणालाही वाटलं असतं, झालं उलटं.

मॉन्टे कार्लोबद्दल थोडक्यात सांगतो. सगळ्या शक्यता मोजण्याऐवजी यादृच्छिक नमुने घ्यायचे, ही ती पद्धत. स्थिर अवस्थेच्या गणितात ती अत्यंत यशस्वी आहे. फिलिप वेर्नर, अँड्र्यू मिलिस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली बसवलेली तिची एक तऱ्हा आज खऱ्या पदार्थांच्या अभ्यासात सर्रास वापरतात. खऱ्या काळात मात्र प्रत्येक नमुन्याला एक क्वांटम कला (फेज) चिकटते, अधिक-उण्याची बेरीज जवळजवळ शून्य होते आणि काळ वाढेल तशी लागणाऱ्या नमुन्यांची संख्या घातानं वाढते. गाय कोहेन, इमॅन्युएल गल, डेव्हिड राइकमन आणि मिलिस यांनी २०१५ साली शून्यापासून थेट शेवटच्या क्षणापर्यंत उडी न मारता आधीच्या छोट्या काळाचं उत्तर पुढच्या काळासाठी वापरत इंचाइंचानं सरकण्याची रीत काढली, आणि ही अडचण पुष्कळ आटोक्यात आली.

तिसरा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो: सबंध धातूच टाकून द्यायचा. १९६३ साली रिचर्ड फाइनमन आणि फ्रँक व्हर्नन यांनी दाखवलं की भोवतालच्या पसाऱ्याचा अशुद्धीवर जो काही परिणाम होतो तो एका सूत्रात बांधता येतो. त्या सूत्रात पसारा उरत नाही. उरते ती आठवण. आत्ता या क्षणी अशुद्धी काय करते, हे तिनं आधी काय केलं होतं यावर अवलंबून राहतं, कारण तेव्हाच्या हालचालीचे पडसाद भोवतालातून परत येत असतात. सुदैवानं बहुतेक परिसरांची आठवण काही काळानं विरते. म्हणून नॅन्सी मॅक्री आणि दिमित्री मकारोव्ह यांनी १९९५ साली ठरवलं की ठरावीक पावलांपलीकडची आठवण सोडून द्यायची. दोनच अवस्था असलेल्या अशुद्धीला दहा पावलांची आठवण ठेवायची तर साडेदहा लाखांच्या आसपास इतिहास सांभाळावे लागतात; लॅपटॉपला हे सोपं आहे. वीस पावलांना मात्र एक लाख दहा हजार कोटी. पुन्हा तीच भिंत, यावेळी जागेऐवजी काळात.

आणि उपाय तोच चालला. इतिहास ही काळाची साखळी समजा, तिला व्हाइट यांच्यासारखी जागोजागी छाटणी लावा. स्ट्रॅदर्न, कीलिंग, लव्हेट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली हे करून दाखवलं, आणि शेकडो पावलांची आठवण आवाक्यात आली. याच वाटेवरचं महत्त्वाचं काम आज महाराष्ट्रात होतं आहे. मॅक्री यांच्याकडे शिकलेले अमर्त्य बोस कुलाब्याच्या टाटा संस्थेत रसायनविज्ञान विभागात आहेत. रेणूंमधून, विशेषतः प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंच्या रंगद्रव्यांतून, ऊर्जा कशी वाहते हे ते याच इतिहास-छाटणीनं शोधतात. तिथं अशुद्धीच्या जागी उत्तेजित रेणू आणि धातूच्या जागी भोवतालची कंपनं असतात; गणित सख्ख्या भावंडांचं. त्यांनी ज्युलिया या संगणकभाषेत ‘क्वांटमडायनॅमिक्स’ नावाची प्रणाली लिहिली आणि २०२३ साली ती सर्वांना खुली केली. मॅक्रींची पद्धत, नवी छाटणी आणि तानिमुरा-कुबो यांची १९८९ सालची समीकरणांची उतरंड, हे सगळं तिच्यात एकत्र आहे. तीच समस्या दोन पद्धतींनी सोडवून उत्तरं ताडून पाहता येतात.

धातूतल्या इलेक्ट्रॉनांसाठी हे करणं जास्त अवघड होतं, कारण दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल झाली की चिन्ह उलटतं. ती अडचणही अलीकडेच ओलांडली गेली. २०२३ साली थोनिस, लेरोझ आणि अबानिन यांनी, तसंच राइकमन-मिलिस-चॅन यांच्या गटानं अँडरसन प्रतिकृतीसाठी हे सूत्र छाटून दाखवलं. त्यांच्या गणितातून एक दिलासा मिळाला: जागेतला गुंता झपाट्यानं वाढतो तिथंही काळाच्या साखळीतला गुंता पुष्कळदा मंद राहतो.

या गणिताची गरज आता सोन्याच्या तारेपुरती राहिलेली नाही. १९९८ साली डेव्हिड गोल्डहेबर-गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी चिपवर कोरलेल्या एका सूक्ष्म बेटात कोंडो परिणाम घडवून आणला. तिथं अशुद्धी माणसानं बनवलेली, आणि व्होल्टेजची कळ हातात. पुण्यातली डीआरडीओची क्वांटम प्रयोगशाळा आणि मुंबईतली टाटा संस्था यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्यूबिटच्या अतिसंवाहक प्रोसेसरची पूर्ण चाचणी केली. असा क्यूबिट आपली अवस्था किती काळ धरून ठेवतो, कशामुळे सोडतो, हा प्रश्न एक छोटी क्वांटम वस्तू आणि तिचा अफाट परिसर यांचाच आहे.

मलकापुरातल्या त्या मुलीनं सुरुवात कुठून करावी? माझ्या मते तीन गणितं पुरे. आधी ढकलाढकल नसलेली ११,६०० कड्यांची साखळी. तिचं अचूक उत्तर मिळतं, आणि पुढची प्रत्येक पद्धत आधी या उत्तराशी ताडता येते. मग अशुद्धीवरची जास्तीची ऊर्जा चालू करून दहा-बारा कड्यांचं पूर्ण गणित, म्हणजे लहर परत आल्यावर उत्तर कसं बिघडतं ते डोळ्यांना दिसेल. मग ‘क्वांटमडायनॅमिक्स’ घेऊन दोन अवस्थांच्या अशुद्धीचा इतिहास. प्रत्येक वेळी काळाचं पाऊल निम्मं करायचं, आठवण दुप्पट करायची, छाटणी सैल करायची. उत्तर हललं तर ते अजून उत्तर नव्हे. २०१० साली एकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्होल्टेज लावलेल्या अँडरसन अशुद्धीवर निरनिराळ्या पद्धती शेजारी ठेवून अशीच तुलना केली होती. जिथं त्या एकमेकींशी जुळतात तो भाग विश्वासाचा, जिथं फाटतात तो संशोधनाचा.

आणि संशोधनाला जागा पुष्कळ आहे. व्होल्टेज लावलेलं, तापमान कोंडोच्याही खाली, आणि काळ इतका लांब की प्रवाह स्थिर व्हावा: या तिन्ही अटी एकत्र आल्या की आजही प्रत्येक पद्धतीची दमछाक होते. दोन अशुद्धी शेजारी ठेवल्या तर त्या धातूशी जुळवून घेतील की एकमेकींशी, हा प्रश्न जयप्रकाश, कृष्णमूर्ती आणि विल्किन्स यांनी १९८१ सालीच स्थिर अवस्थेसाठी मांडला होता. काळात पुढं जाताना त्याच दोन अशुद्धींसाठी सांभाळायच्या इतिहासांची संख्या एका अशुद्धीच्या संख्येच्या वर्गाइतकी होते, आणि छाटणी नेमकी कुठं करावी याची सर्वांना मान्य अशी रीत अजून बसलेली नाही.